आमची वही आणि सासूबाईंच्या बांगड्या

मैत्रिणींनो, घरात तान्हं मूल आलं की सगळ्या गल्लीला डॉक्टरकी येते. "अंग धरलं नाही हो अजून," शेजारच्या काकू म्हणतात. "आमचा तिसऱ्याच महिन्यात पालथा पडला होता," नणंदबाई सांगतात. दूधवालासुद्धा पाळण्यात डोकावून दोन शब्द बोलून जातो. पहिलटकरीण बिचारी सगळ्यांचं ऐकून घेते आणि रात्री बाळ शांत झोपलं की त्याचा श्वास चालला आहे ना, म्हणून नाकाशी बोट धरून बघते. तुम्हीही बघितलं असेल. मी तर रात्रीतून तीन-तीनदा बघत असे.

या सगळ्यावर तोडगा म्हणून मी एक वही केली. किराणा दुकानदार उधारी लिहायला ठेवतात ना, तसली लाल पुठ्ठ्याची. आमचा मुलगा २०१४ च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात झाला. पहिल्याच पानावर लिहिलं आहे: वजन २ किलो ९०० ग्रॅम. त्याखाली चौथ्या दिवसाचं: २ किलो ७००. ते दोनशे ग्रॅम कमी झालेले बघून मी दवाखान्यातच रडायला लागले होते. माझं दूधच पुरत नाही, अशी माझी खात्री झाली. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन शेकडा सात ते दहापर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. आमचं बाराव्या दिवशी भरलं. दूध पुरतं की नाही हे आपल्या छातीकडे बघून कळत नाही, लंगोट मोजून कळतं. आठवडा उलटला की दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा बाळाला शू झाली, तर दूध पुरतं आहे. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं, तर माझी निम्मी आसवं वाचली असती!

तेव्हापासून वहीचं मला वेडच लागलं. वजन, उंची, डोक्याचा घेर, शी-शू, पहिलं हसू. पाचव्या महिन्यात वजन दुप्पट झालं, वर्षाला तिप्पट होतं, असा ठोकताळा आहे. पाचव्या महिन्यात आमचे ५ किलो ९०० भरले, तेव्हा मी त्या आकड्याभोवती चौकट काढली. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी.

बाळंतपण माहेरी झालं, तिसऱ्या महिन्यात मी साताऱ्याला सासरी आले. आणि आल्या दिवसापासून वही आणि सासूबाई यांची झुंज सुरू झाली.

सासूबाईंनी चार मुलं वाढवलेली. त्यांची गुटीची सहाण, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, सगळं डब्यात तयार. गुटीत मध. अंघोळीनंतर धुरी. डोळ्यांत घरचं काजळ. कानात आणि नाकात कोमट तेलाचे दोन दोन थेंब. मी एकेक बंद करत गेले. मध बारा महिन्यांच्या आत द्यायचाच नाही, कारण त्यातल्या एका जंतूच्या बीजापासून तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं, आणि बाळ लुळं पडतं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. काजळात शिसं असू शकतं. धुरीनं बाळाच्या छातीला त्रास होतो. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात "लेकराचा घसा सुकला गं" म्हणून सासूबाई वाटी-चमचा घेऊन उभ्या राहिल्याचं ऐकून माझ्या आईलाही कळवळा आला होता. पण मी ठाम. मालिश मात्र त्यांच्याकडेच ठेवलं होतं, कारण त्यांच्या हाताला बाळ जसं निवांत व्हायचं तसं माझ्या हाताला कधी झालं नाही.

आता सांगते, या सगळ्या भांडणांत मीच बरोबर होते. डॉक्टरांनीही माझीच बाजू घेतली. आणि त्याचाच पुढे घोटाळा झाला. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा बरोबर ठरलेलं माणूस सातव्या वेळी समोरच्याचं ऐकतच नाही.

त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या अखेरीस आले होते. बाळ पाच महिन्यांचं. आरतीला झांजा सुरू झाल्या की हा असा हातपाय नाचवायचा, की सगळे म्हणायचे, "भक्त आहे हो!" पुढे पितृपंधरवड्यातल्या एका दुपारी सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाळणा त्यांच्या पुढ्यात, बाळाचं तोंड पलीकडे. मी वही लिहीत होते. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "अगं, हा माझ्या बांगड्यांना वळत नाही."

"आई, त्याचं लक्ष खुळखुळ्यात आहे."

"खुळखुळा त्याच्या हातातून मघाशीच पडलाय."

"आरतीला नाचतो की नाही? कुकरच्या शिटीला दचकतो की नाही?"

"झांजा गं भिंतीलासुद्धा ऐकू येतात," त्या म्हणाल्या.

मी हसले आणि विषय संपवला. पण त्यांनी संपवला नव्हता. पुढे कितीतरी दिवस त्या त्याच्या मागून जाताना मुद्दाम हात हलवायच्या. कधी कागद चुरगळायच्या, कधी वाटीवर चमचा अगदी हळू घासायच्या. हा ढिम्म. त्यांनी समोर येऊन नुसती मान हलवली तरी खळाळून हसणारा! मी म्हणायची, "बघा, ओळखलं ना तुम्हाला?" ओळखलं होतं, पण डोळ्यांनी.

दिवाळीत गल्लीत सुतळी बाँब फुटला आणि बाळ दचकून रडायला लागलं, तेव्हा मी सासूबाईंकडे अशी काही बघितलं, की ते आठवून आजही मान खाली जाते.

डिसेंबरच्या अखेरीस नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीसाठी आम्ही दवाखान्यात गेलो. (आता त्याच वेळी गोवर आणि रुबेला अशी जोडलस मिळते.) जन्माची, दीड महिन्याची, अडीचची, साडेतीनची, सगळ्या लसींवर वहीत बरोबरच्या खुणा होत्या. डॉक्टरांनी वही कौतुकानं चाळली. दात, बसणं, रांगणं, सगळं वेळच्या वेळी. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बडबड कशी आहे? बाबाबा, दादादा, मामामा, असं जोडून म्हणतो का?"

मी पानं उलटली. मे: हुंकार देतो. जून: खूप गप्पा. जुलै: किंचाळतो, हसतो. ऑगस्ट: आवाज कमी, शहाणा झाला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर: आवाजाच्या खाली काहीच नाही. मी लिहायला विसरले नव्हते. लिहिण्याजोगं काही नव्हतंच. आणि "आवाज कमी" याच्यापुढे "शहाणा झाला" हे मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट फार थोड्या आयांना ठाऊक असते म्हणून जरा थांबून सांगते. ज्या बाळाला ऐकू येत नाही ते मुकं असतं, असं आपण समजतो. तसं नसतं. पहिल्या तीन-चार महिन्यांतले हुंकार आणि आंगूऽ गूऽ हे ऐकून शिकलेले नसतातच. ते प्रत्येक बाळ आपोआप करतं. खरा फरक पडतो तो सहा-सात महिन्यांनंतर. ऐकू येणारं बाळ आपला आवाज आणि आपला शब्द पकडून बाबाबा, दादादा सुरू करतं. ऐकू न येणाऱ्या बाळाचं तिथं अडतं आणि आवाज हळूहळू मावळत जातो. घरातले म्हणतात, "किती शांत बाळ!"

डॉक्टरांनी मला बाळाला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. नर्सबाई समोर रंगीत बाहुली घेऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी मागून, हातभर अंतरावरून, अगदी हलका कागद चुरगळला. सासूबाई जे तीन महिने करत होत्या तेच!

घरोघरी आपण काय करतो, तर बाळाच्या तोंडापुढे टाळी वाजवतो. टाळीचा वारा बाळाच्या गालाला लागतो, हात दिसतात. पाय आपटला तर जमीन हादरते. दाराशी गेलं तर सावली पडते. मूल वळतं आणि आपण खूश! मागून, त्याला न दिसता, वारा न लागता, बारीक आवाज केला पाहिजे. आणि तेही नुसती शंका यावी एवढ्यापुरतंच. बाळ वळलं म्हणून तपासणी टाळायची, असा त्याचा अर्थ नव्हे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी काय केलं, ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि मी म्हटलं, "तुम्ही कानात तेल घालत होतात ना, त्याचं फळ आहे हे." त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, दूध उतू जात होतं त्याखालचा गॅस बंद केला आणि देवघरात जाऊन बसल्या. हे तेवढं म्हणाले, "काहीतरीच बोलतेस," आणि तेही गप्प झाले.

जानेवारीत पुण्याला तपासणी झाली. दोन तपासण्या असतात. एकीत बाळ झोपलेलं असताना कानात कापसाच्या बोळ्याएवढं एक टोक बसवतात. त्यातून आवाज सोडला, की आतला कान निरोगी असेल तर त्याचा बारीक प्रतिसाद परत येतो. पाच-दहा मिनिटांचं काम, दुखत नाही, खुपत नाही. दुसरी 'बेरा' नावाची. डोक्याला आणि कानामागे चिकटपट्टीसारख्या तारा लावून आवाजाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. त्यासाठी आमच्या बाळाला झोपेचं औषध दिलं होतं. तासभर मी आणि सासूबाई त्या बंद खोलीत, श्वाससुद्धा जपून घेत बसलो होतो.

दोन्ही कानांत पासष्ट डेसिबलच्या आसपासचा दोष निघाला. आपण जवळ बसून बोलतो तो आवाज साठच्या आसपास असतो आणि कुजबूज तीसच्या. म्हणजे झांजा, शिटी, सुतळी बाँब हे त्याला ऐकू येत होतं. माझं बोलणं येत नव्हतं. मी नऊ महिने त्याला जोजवत होते, गोष्टी सांगत होते, ते त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचलंच नव्हतं.

मी तेलाचं विचारलं. सासूबाई शेजारीच होत्या, तरी विचारलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "तेलानं कानाला जंतुसंसर्ग होऊ शकतो म्हणून घालू नये, पण याचा दोष आतल्या कानात, शंखासारख्या भागात आहे. पडदा शाबूत आहे, तेल तिथवर जातच नाही. यांनी काही केलेलं नाही." कारण काय, तर सापडलं नाही. जन्मानंतर दोन दिवस काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, तेवढ्यानं हे होत नाही म्हणाल्या. दोन्ही घरांत कुणी बहिरं नाही, आमचं लग्न नात्यातलं नाही. तरीसुद्धा होतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांचे आईबाप चांगले ऐकणारे असतात.

परतीच्या एस.टी.त सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं होतं. "मी सांगत नव्हते का," हे शब्द त्यांनी तेव्हाही उच्चारले नाहीत आणि आजवर उच्चारलेले नाहीत. मी माफी मागितली का? शब्दांनी नाही. खंबाटकीच्या घाटात मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, एवढंच.

घाई कशासाठी, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो या बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या बाळांपेक्षा पुष्कळ पुढे होती. म्हणून डॉक्टर मंडळी एक-तीन-सहा असं सूत्र सांगतात: एक महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. आमच्या गावी बाळंतपण झालं तिथं ते यंत्र नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. पण सासूबाई बोलल्या तेव्हाच उठले असते, तर सात महिन्यांच्या सुमाराला यंत्र कानात असतं. ते गेलेले महिने माझ्या खात्यावर.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात ऐकण्याचा दोषही धरलेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची याच कामाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

एक मात्र सांगते, नाहीतर हे वाचून तुम्ही प्रत्येक बाबतीत धास्तावाल. हातापायांच्या बाबतीत एवढी घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह निरनिराळ्या देशांतली निरोगी मुलं पाहून २००६ साली जे कोष्टक प्रसिद्ध केलं, त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ जवळजवळ चार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत आहे, आणि एकट्यानं चालण्याचा आठपासून साडेसतरापर्यंत! शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत, तशीच उठून चालायला लागतात. तेव्हा काकूंचा नातू तुमच्याआधी चालला तर पेढे खा आणि गप्प बसा. काळजी करायची ती येत असलेली गोष्ट बंद पडली तर. हसत होतं ते हसेनासं झालं, आवाज करत होतं ते करेनासं झालं, एकच हात वापरायला लागलं, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मात्र मी जे लिहून ठेवलं होतं, ते आजही प्रत्येक बाळंतिणीला लिहून देते. त्यात वाट बघायचीच नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, आकडी आली, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा कावीळ दोन आठवडे उलटून राहिली आणि शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी होते आहे. शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं. त्यात पित्ताच्या नळ्या बंद असू शकतात आणि शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो दोन महिन्यांच्या आत होईल, तितकी बरी.

फेब्रुवारीच्या मध्यावर, साडेदहाव्या महिन्यात, आमच्या बाळाच्या दोन्ही कानांमागे यंत्रं आली. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. तो चटकन वळला नाही, हसला नाही. तोंडातलं खेळणं चोखत होता, ते चोखणं थांबलं आणि डोळे मोठे झाले. बस. मग भोकाड पसरलं.

पुढची कामं फार घरगुती होती. कान वाढतात, त्यामुळे कानात बसवायचा मऊ साचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागे. सैल झाला की यंत्र शिट्टी मारी. बाळ यंत्र ओढून काढी आणि थेट तोंडात घाली. आतला बटणाएवढा सेल गिळला तर जिवावर बेततं, म्हणून सेलचा कप्पा कुलूपवाला घेतला आणि दोरीची चिमटी झबल्याच्या मागे लावली. ती दोरी सासूबाईंनी विणली. रोज आंघोळीनंतर यंत्रं पुसून, वाजवून बघून कानात घालण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. माझ्याकडे बोलण्याचं. वरण ढवळताना "वरण ढवळते, वरण गरम आहे," केर काढताना "केर काढते, बाळा." दिवसभर वेड्यासारखी बडबड. हे म्हणायचे, "तुला नाहीतरी सवय होतीच."

मार्चमधल्या एका सकाळी सासूबाई देवाची भांडी घासायला बसल्या होत्या. बाळ त्यांच्याकडे पाठ करून भोपळ्याच्या फोडीशी खेळत होतं. त्यांनी हात वर करून पदर सारखा केला आणि बाळानं मान वळवली. त्यांच्याकडे बघितलं आणि परत भोपळ्याकडे वळलं.

आम्ही दोघी काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा हात हलवला. तो पुन्हा वळला. मग त्या भांडी तशीच टाकून मला म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? आण की तुझी वही."